नंदुरबारचा मगरिबी पाहुणा

इब्न बतूताच्या सफरनाम्यात नंदुरबारच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान आले आहे. दिल्लीवर त्याने पानेच्या पाने खर्च केली. दौलताबादचा किल्ला, तिथल्या अंधारकोठडीतले मांजराहून मोठे उंदीर, गाणाऱ्यांचा बाजार, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे-डाळिंबे यांचे रसभरित वर्णन केले. नंदुरबारला आल्यावर मात्र इथली माणसे काय काम करतात, काय खातात, जेवणाआधी काय करतात आणि सोयरीक कशी जुळवतात एवढे सांगून तो पुढच्या मुक्कामाला निघाला. ना किल्ला, ना वाडा, ना लढाई. गावाचा इतिहास सांगताना आमच्याकडची मंडळी नंद गवळी राजापासून सुरुवात करतात, १९४२ च्या शिरीषकुमारच्या हौतात्म्यापर्यंत येतात आणि मधल्या या मोरोक्कोच्या मुसाफिराला एका वाक्यात उरकतात : इब्न बतूता येथे येऊन गेला. येऊन गेला हे खरेच. पण सतरा वर्षे परमुलखात काढलेल्या माणसाला आमच्या गावात नेमके हेच का दिसावे, हा प्रश्न आम्हाला त्या अर्ध्या पानापाशी थांबवतो.

अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न बतूता १३०४ साली तँजिअरला, मोरोक्कोच्या उत्तर टोकावरच्या बंदरात जन्मला. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजला म्हणून एकटाच घराबाहेर पडला. आईबाप हयात होते. सफरनाम्याच्या सुरुवातीलाच ट्युनिस शहराचा प्रसंग आहे. काफिला वेशीपाशी पोचला तेव्हा गावातले लोक आपापल्या ओळखीच्यांना भेटायला बाहेर आले. जो तो कोणाला ना कोणाला सलाम करत होता, गळाभेटी चालल्या होत्या. याला मात्र कोणी विचारले नाही, कारण याला ओळखणारे तिथे कोणी नव्हते. तो रडू लागला. एका हाजीच्या ते ध्यानात आले. तो जवळ आला, सलाम केला आणि गावात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. पुढे हाच माणूस सुलतानांच्या दरबारात बसला, काझी झाला, राजदूत झाला. तरी अनोळखी वेशीवर कोणी आपल्याशी चार शब्द बोलावेत ही भूक त्याला आयुष्यभर राहिली, असे त्याचा ग्रंथ वाचताना जाणवते.

१३३४ साली तो दिल्लीला पोचला. मुहम्मद बिन तुघलकाला परदेशी आलिम आणि उमराव हवेच होते. त्याने याला दिल्लीचा मालिकी काझी नेमले. दिल्लीत बहुसंख्य हनफी आणि दरबाराची भाषा फारसी. याची फारसी कच्ची, म्हणून सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. पगार मोठा, मान मोठा. पण दिल्लीत तो घरच्यासारखा केव्हा झाला याचा माग काढायचा तर दरबार सोडून कब्रस्तानात जावे लागते. दिल्लीला येऊन सुमारे दीड महिना झाला होता तेव्हा त्याची वर्षाच्या आतली मुलगी वारली. सुलतान शहरात नव्हता; वजिराने पुढाकार घेतला. तिसऱ्या दिवशी कबरीपाशी जमणे, कबरीवर फुले घालणे, कुराणपठण, गुलाबपाणी शिंपडणे, शेवटी पान देणे, हा सारा रिवाज त्याने बारकाईने नोंदवला आहे. आजही आपल्याकडे या तिसऱ्या दिवसाला जियारत म्हणतात. मगरिबातून आलेल्या या बापाला ही पद्धत नवी होती. तिच्यावर टीका करायला त्याच्यातल्या काझीला वाव होता. त्याने ती केली नाही. परक्या शहराने आपल्या लेकराच्या कबरीवर फुले घातली, हे त्याने जसेच्या तसे सांगितले आहे.

१३४२ च्या उन्हाळ्यानंतर सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून रवाना केले. रस्ता दिल्लीहून माळव्यातून दौलताबाद, तिथून उलट वायव्येला वळून नंदुरबार आणि मग खंबायतचे बंदर. आरंभीच कोईलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढच्या आसपास, चकमक झाली आणि हा टोळीवाल्यांच्या हाती सापडला. सुटला, पण रानात दिवसचे दिवस एकटा, उपाशी भटकत राहिला. शेवटी एका काळ्यासावळ्या माणसाने त्याला विचारपूस केली, थैलीतले भाजलेले हरभरे आणि थोडे तांदूळ खायला दिले आणि चालवेना तेव्हा पाठीवर घेतले. शुद्धीवर आला तेव्हा तो एका गावाच्या वेशीवर होता आणि तो माणूस नाहीसा झाला होता. इब्न बतूताने त्याला वली मानले. आम्ही एवढेच म्हणू की ज्याच्या थैलीत मूठभर फुटाणे होते तो त्या प्रदेशातला साधा वाटसरूही असू शकेल.

या अनुभवानंतर तो आमच्याकडे आला. नंदुरबार हे लहान शहर, तिथे मराठे राहतात, असे तो म्हणतो. त्याच्या बोलण्यात मराठे म्हणजे या मुलखातले सगळे लोक, जातीचा अर्थ तिथे नाही. हे लोक हस्तकलेत निपुण, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी, वरच्या थरात ब्राह्मण आणि क्षत्रिय. अन्न म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल. प्राण्यांना इजा करणे, मारणे त्यांना आवडत नाही. सात पिढ्यांचे अंतर असल्याशिवाय ते लग्न करत नाहीत. दारू पीत नाहीत, तो सर्वांत मोठा दोष मानतात. आणि जेवणापूर्वी ते अंग धुतात. हे सांगताना या मालिकी काझीने जो शब्द वापरला तो गुस्लाचा आहे. जनाबतनंतर आपण जसे सर्वांग धुतो तसे हे लोक जेवणाआधी धुतात, असा त्याचा आशय आहे.

हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. परक्या माणसाची आंघोळ पाहून मुसाफिर दोन तऱ्हांनी लिहू शकतो. एक म्हणजे विचित्र प्रकार म्हणून. दुसरी म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीशेजारी ठेवून. हाच इब्न बतूता सती जाताना पाहून घोड्यावरून पडता पडता वाचला होता. चीनमध्ये तर बाहेर पडले की मन विटते म्हणून तो घरातच बसून राही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्याला आपलेपण सापडत होते असे नाही. नंदुरबारला मात्र पाणी, अन्न आणि दारूचा तिटकारा या तीन गोष्टी त्याला ओळखीच्या वाटल्या. दारूबद्दल लिहिताना तर तो लगेच जोडून सांगतो की हिंदुस्थानातले मुसलमानही तसेच मानतात, आणि पिणाऱ्याला ऐंशी फटके आणि तीन महिने कोठडी मिळते. सात पिढ्यांच्या अंतराचा नियम त्याच्या रिवाजाच्या अगदी उलटा. आपल्यात चुलत-मामे भावंडांत निकाह होतो. तोही त्याने चिमटा न काढता नोंदवून ठेवला.

अर्थात त्या आंघोळीला दुसरी बाजू होती, ती त्याला नंदुरबारात दिसली नसावी किंवा त्याने लिहिली नसावी. ब्राह्मणाच्या जेवणापूर्वीच्या स्नानात सोवळे असते, आणि सोवळे म्हटले की कोणाला शिवायचे नाही याची यादी आलीच. पुढे मलबारात त्याला ते चांगलेच कळले. तिथले हिंदू मुसलमानाला आपल्या भांड्यातून पाणी देत नाहीत, ओंजळीत ओततात, आणि अन्न केळीच्या पानावर वाढतात, हे त्याने लिहिले आहे. नंदुरबारच्या ज्या स्नानाला त्याने गुस्ल म्हटले, ते त्याचा हात लागला असता तर कदाचित पुन्हा करावे लागले असते. तरीही त्याने मनात ठेवले ते साम्य. पाहुण्याला एवढी मुभा असते.

आता थोडे खाण्याविषयी, कारण परदेशी माणूस घर शोधतो ते आधी ताटात. नंदुरबार म्हटले की आज लोकांना लाल मिरची आठवते. हंगामात बाजार समितीच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. इब्न बतूताला तो ठसका लागला नाही. १३४२ साली आपल्या देशात मिरचीच नव्हती. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात आली. भुईमूगही तिकडचाच. म्हणून त्या काळच्या नंदुरबारचे तेल तिळाचे. आज आम्ही खान्देशी लोक खिचडीवर कच्चे शेंगदाण्याचे तेल ओतून घेतो आणि सोबत मिरचीचा ठेचा घेतो, आणि याहून अस्सल खान्देशी काही नाही असे पाहुण्याला बजावतो. मिरचीला तिचे मूळ गाव कोणी विचारत नाही. माणसांना विचारतात.

खिचडी मात्र त्याने खाल्ली होती, आणि तिच्यावर त्याने लिहिले आहे. ती नोंद नंदुरबारच्या पानावर नाही, हिंदुस्थानातल्या धान्यांविषयी तो सांगतो तिथे आहे. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, वर तूप घालतात, तिला किश्री म्हणतात आणि रोज सकाळी तीच खातात. पुढे तो म्हणतो की मगरिबात जशी हरीरा, तशी यांची ही खिचडी. हरीरा म्हणजे तिकडचे दाट सूप. आज मोरोक्कोत रमजानचा रोजा बहुतेक घरांत हरीरानेच सुटतो. आमच्या मते त्याच्या हिंदुस्थानच्या साऱ्या वर्णनात हे सर्वांत घरगुती ठिकाण आहे. तँजिअरमधले आईच्या हातचे वाडगे आणि दिल्लीच्या घरातली खिचडीची ताटली त्याने एकाच ओळीत आणून ठेवली. आमच्याकडे खिचडी सकाळची नव्हे, संध्याकाळची. खान्देशात घरोघरी, मग ते कुणब्याचे असो की पिंजाऱ्याचे, रात्रीला खिचडी ठरलेली.

तांदळाचा विषय निघालाच आहे तर नवापूरची गोष्ट सांगून टाकू. सतराव्या शतकात जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्याने आला. तेव्हा नवापूर हे विणकरांचे मोठे गाव होते, पण मुख्य व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास येणारा. उमराव दुसरा तांदूळ खात नसत, आणि इराणात कोणाला चांगली भेट न्यायची तर या तांदळाचे पोते नेत, असे तो लिहितो. त्या काळी हिंदुस्थानात इराणी व्यापारी आणि अंमलदार पुष्कळ होते. वतनाला जाताना ते इथला वास बांधून नेत, की तिकडे राहणाऱ्या कोणासाठी नेत, ते ताव्हर्निएने सांगितलेले नाही. आखातातून सुटीवर आलेला मुलगा परतताना त्याच्या बॅगेत मसाला, पापड आणि लोणच्याची बरणी कोंबणाऱ्या आपल्या घरांतल्या बायकांना ते पोते अनोळखी वाटणार नाही.

पण खिचडीहून आम्हाला जास्त हलवून गेले ते मोहाचे झाड. इब्न बतूताने हिंदुस्थानच्या झाडांची यादी दिली आहे : आंबा, फणस, जांभूळ, आणि मोहा. जांभळाला त्याने जैतूनची उपमा दिली. काळे फळ आणि आत एकच बी. मोहाविषयी तो लिहितो की त्याला द्राक्षाएवढी पोकळ, गोड फुलासारखी फळे येतात, जास्त खाल्ली तर डोके दुखते. पण उन्हात वाळवली की चव अंजिरासारखी लागते. हिंदुस्थानात अंजीर मिळत नाहीत, म्हणून अंजिराच्या जागी आपण हीच खात असू, असे तो सांगतो. ती त्याने कोणत्या गावी खाल्ली ते त्याने सांगितलेले नाही. अंजीर आणि जैतून ही दोन नावे कुराणात शपथेला घेतलेली, आणि मगरिबातल्या माणसाच्या अंगणातली. ती दोन्ही त्याने जांभूळ आणि मोहा यांत शोधून काढली.

मोहा आमच्या जिल्ह्याचे झाड आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा अर्धाअधिक सातपुड्याचा. धडगाव, अक्कलकुवा भागात चैत्रात पहाटे भिल्ल आणि पावरा बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, रात्रीतून पडलेली फुले वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. शहरातल्या आम्हा लोकांना मोहा म्हणजे दारू एवढेच ठाऊक. मुसलमान घरात तर ते नाव काढणेही नको. आणि दारूचे फटके मोजून सांगणाऱ्या या काझीने मोहाची फुले अंजीर समजून चघळली. ज्या फुलांना आम्ही शेजारी राहून तोंड लावले नाही, त्यात या परदेशी माणसाला आपले गाव भेटले.

नंदुरबारहून तो सागर नावाच्या शहरी गेला. हे आजचे सोनगड असावे असे अभ्यासक मानतात, आणि त्याच नावाची मोठी नदी म्हणजे तापी. नवापूरच्या पलीकडे, आता गुजरातेत. १९७२ साली तिथे उकाईचे धरण झाले आणि त्याचे पाणी मागे आमच्या जिल्ह्यात शिरले. इब्न बतूताने पाहिले तेव्हा नदीवर रहाट चालत होते आणि काठाने आंबा, केळी आणि उसाच्या बागा होत्या. तिथली माणसे नेक, दीनदार. त्यांनी बागांमध्ये खानकाही बांधल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुक्कामासाठी. खानकाह बांधणारा आपली बाग तिला वक्फ करी आणि देखरेख मुलांकडे सोपवी. वंश खुंटला तर ती काझीकडे जाई. वक्फ म्हटले की आज कोर्ट, सातबारा आणि मोर्चा डोळ्यांपुढे येतो. या वर्णनातला वक्फ म्हणजे वाटसरूला रात्रीची सावली आणि सकाळी झाडाचे फळ. खंबायतला पोचल्यावरही त्याचे पहिले लक्ष याच गोष्टीकडे गेले. ते शहर बहुतेक परदेशी व्यापाऱ्यांचे, म्हणून तिथली घरे आणि मशिदी सुरेख, एकाहून एक सरस बांधण्याची त्यांच्यात चढाओढ, असे त्याचे निरीक्षण आहे. घर सोडून आलेला माणूस नव्या गावी आधी काय बांधतो, हे त्याला नेमके कळत होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटे होईल. चीनच्या बादशहाला पाठवलेल्या नजराण्यात शंभर घोडे होते, भारी कापड होते, आणि शंभर गुलाम व शंभर गाणाऱ्या-नाचणाऱ्या दासी होत्या. सगळ्या हिंदुस्थानातल्याच. हा तांडा याच रस्त्याने बंदराकडे गेला. म्हणजे ज्या मुक्कामी इब्न बतूताने तिळाच्या तेलाची आणि गुस्लाची नोंद केली, तिथे ही शे-दोनशे माणसेही विसावली असतील. तीही परदेशाला निघाली होती. त्यांना कोणता वास घरचा वाटला, कोणत्या विहिरीचे पाणी ओळखीचे लागले, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही. त्याच्या काळात ती वस्तूंच्या यादीत मोडत. कालिकतला जहाजे लागली, तेव्हा जुम्याची नमाज पढायची म्हणून इब्न बतूता किनाऱ्यावर थांबला. वादळ उठले आणि नजराण्याचे जहाज फुटले. त्यावरचे सगळे बुडाले. खानकाहीच्या बागेत जागा कोणाला मिळत होती आणि कोणाला नाही, याचा हिशेब सफरनाम्यात मांडलेला नाही. तो वाचणाऱ्यानेच मांडायचा आहे.

आम्ही मराठी मुसलमान इब्न बतूताचे नाव निघाले की जरा ताठ बसतो, जणू आपला कोणी बडा नातेवाईक आहे. कोणी उठता-बसता तुम्ही कुठून आलात असे विचारतो, तेव्हा अशी नावे हाताशी असलेली बरी वाटतात. आम्हाला हे पटत नाही. तो मगरिबी होता, पाहुणा होता, आठवडाभरही इथे राहिला नसेल. आम्ही यजमानाच्या बाजूचे. त्याने पाहिलेले ते हस्तकलेत निपुण लोक, विणणारे, पिंजणारे, रंगवणारे, तेल गाळणारे, त्यांच्यापैकी पुष्कळांची लेकरेबाळे पुढे या ना त्या पीराच्या दर्ग्यापाशी कलमा वाचती झाली, आणि त्यांच्यातूनच आमची मोहल्ल्यातली घरे आहेत. तिळाच्या तेलाची फोडणी आमच्याच चुलीवर बसत होती. घरात उर्दू आणि बाजारात अहिराणी बोलणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावे लागू नये, पण द्यावे लागते, म्हणून लिहिले.

आज या जिल्ह्यातून बाहेर जाणारे कमी नाहीत. दिवाळीनंतर सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी कुटुंबे भांडीकुंडी बांधून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उसाच्या फडाशेजारी पालापाचोळ्याच्या झोपडीत पाच-सहा महिने काढतात. सुरत तर आमच्या माणसांना अंगणासारखी. तापीकाठच्या रेल्वेने सकाळी गेले की दुपारी तिथे. मोहल्ल्यातली पोरे रियाध, दोहा, दुबईला. फोनवर आई विचारते, जेवलास का? काय खाल्लेस? इब्न बतूताची आई हे विचारू शकली नसती. पण त्याच्या ग्रंथातली निम्मी उत्तरे याच प्रश्नाची आहेत.

चीनमध्ये एका शहरी त्याला अल-बुश्री नावाचा एक तालेवार मुसलमान भेटायला आला. बोलता बोलता इब्न बतूता त्याच्याकडे निरखून पाहू लागला. विचारपूस झाली, तेव्हा कळले की तो सब्ताचा, म्हणजे तँजिअरच्या शेजारगावचा; तरुणपणी तो दिल्लीतही याला भेटला होता. दोघेही रडले. पुढे कित्येक वर्षांनी सहारा वाळवंटाच्या कडेला सिजिल्मासा गावी त्याच अल-बुश्रीचा भाऊ याला भेटला, आणि या दोन भावांमध्ये किती अंतर पडले आहे याची इब्न बतूताने नोंद केली. स्वतःच्या घरी तो १३४९ च्या अखेरीस पोचला. वडील वारून पंधरा वर्षे झाल्याचे त्याला आदल्या वर्षी दमास्कसला समजले होते. आई प्लेगात गेली, ते घर जवळ आल्यावर कळले. तँजिअरला जाऊन त्याने तिच्या कबरीवर फातिहा पढला.

१३५५ साली फेज शहरात सुलतानाच्या हुकमावरून त्याने सगळी सफर इब्न जुझय या लेखनिकाला सांगितली, बरीचशी आठवणीतून. बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५३ साली महदी हुसैन यांचे हिंदुस्थानच्या भागाचे इंग्रजी भाषांतर छापले, त्यातही आमचे ते अर्धे पान आहे. अरबी लिपीत आमच्या गावातल्या द ची जागा जाल या अक्षराने घेतली, त्यामुळे उर्दू वाचणारा ते नाव नजुरबार असे वाचेल. तेरा वर्षांपूर्वी मुक्काम केलेल्या त्या लहान गावातले एकाही हाकिमाचे नाव त्याने सांगितले नाही. तेल तिळाचे होते, एवढे सांगितले.